वाटेचा इसार

आमच्या सरपंचानं बौद्धवाड्याला फसवलं. माझा हात वापरून फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आजही उलटं सांगितलं जातं.

त्याच्या सोप्यात मी बसलो होतो. सोप्यात म्हणजे पायरीवर. माझ्यासमोर कोल्हापूरहून आलेला खाणवाला, घोंगड्यावर. आमच्या दोघांच्या हातांवर सरपंचाचा टॉवेल. जनावरांच्या बाजारात होतो तसा टॉवेलखाली बोटं धरून भाव झाला. हात सुटले. सरपंच गड्याला म्हणाला, "त्यो टावेल गोठ्यात टाक रं. म्हशी पुसाय हुईल."

सोप्यातली माणसं हसली. एकजण म्हणाला, "म्हसवाल्याचा टावेल म्हशीलाच."

मीही हसलो. आधी हसलो, मग कळलं.

त्या दिवसांत महामार्ग चौपदरी होत होता. त्याला खडी लागत होती आणि खडीसाठी त्यांना आमचा डोंगर पाहिजे होता. नेसरीच्या पलीकडं आमचं खोरं. डोंगर सरकारी गायरान, पण वर ट्रक जाईल अशी वाट एकच. ती आमच्या वाड्याच्या सामाईक जमिनीतून जाते. त्याच जमिनीत झरा आहे. उन्हाळ्यात गावचा नळ कोरडा पडतो, झरा पडत नाही. दुसऱ्या एका खोऱ्यात अशी खाण झाली होती, तिथं आम्ही जाऊन आलो होतो. सुरुंगानं विहिरी आटलेल्या. उसाच्या पानांवर पांढरी भुकटी. आमच्या झऱ्याचं काय होणार ते तिथंच दिसलं.

म्हणून अख्खं गाव विरोधात गेलं. सरपंच सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा. विरोधाच्या बैठकीला गाव आणि वाडा पहिल्यांदा एका सतरंजीवर बसला. मला ते खरं वाटलं.

मी म्हशींचा व्यापारी. बाप दुसऱ्याच्या बांधावर राबून गेला. मी एक रेडकू घेऊन गडहिंग्लजच्या बाजारात उभा राहिलो आणि शिव्या खात, शिव्या देत धंदा शिकलो. आता माझ्या शब्दावर म्हशीचा भाव ठरतो. बाजारात टॉवेलखाली हात देताना कुणी जात विचारत नाही. बाजार उठला की विचारतात.

तर एक दिवस सरपंच माझ्या दारात आला. तोवर मी "ए म्हसवाल्या" होतो. त्या दिवशी "दादा" झालो. चहा पुढं केला तर म्हणाला, आत्ताच झालाय.

"दादा, खाणवाला वाट मागतोय. नुसतं न्हाय म्हटलं तर वर सायबाकडं जातोय. तू वाड्याच्या वतीनं त्याला असा भाव सांग, पावणा पायताण सोडून पळंल."

डाव मला पटला. बाजारात नको त्या गिऱ्हाइकाला आम्ही असंच घालवतो.

सोप्यात मी बोटांनी असा भाव दाखवला की त्यात डोंगर, झरा आणि सरपंचाचा सोपासुद्धा आला असता. खाणवाल्यानं माझी बोटं दाबली. मान्य. घासाघीस नाही, तोंड वाकडं नाही. जन्मभर मी गिऱ्हाइकं बघितली आहेत. न घासता जो हो म्हणतो, त्याला पैसे द्यायचेच नसतात. त्याला फक्त तुमचा हात पाहिजे असतो.

टॉवेल गोठ्यात गेला आणि सरपंच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "झालं. वाड्यानं वाट दिली. आता गावानं एकट्यानं लढून काय उपेग?"

मी उठलो. "मी वाट दिली न्हाय."

"हात दिलास की. इकायचं नव्हतं तर हात कशाला घातलास? बाजाराचा नियम आमी तुला शिकवायचा व्हय?"

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आत्ती, माझ्या बापाची बहीण, दारात उभी. "इकून आलास व्हय रं झरा? किती म्हशी आल्या त्यात?"

दुसऱ्या दिवशी बायको दळण घेऊन गेली, तर गिरणीत तिला ऐकवलं, "तुमीच इकलंसा, आता आमीबी धुरळा खायाचा." आदल्या आठवड्यात ह्याच बाया आमच्या बायांच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

संताप झाला. दोन गिऱ्हाइकांशी भांडलो. मग डोकं जाग्यावर आलं आणि व्यापाऱ्यासारखा विचार केला. हात दिला म्हणून सौदा पुरा होत नाही. इसार लागतो. आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय बाजारात म्हशीचं दावं कुणी सोडत नाही. आणि मी इसार घेतलाच नव्हता.

खाणीच्या परवान्याच्या सुनावणीला तालुक्याचे साहेब आले. शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं. सरपंच म्हणाला, "गावाचा इरोधच हुता सायेब. पण वाड्यानं परस्पर सौदा केला. आमचा नाइलाज हाय."

मी उभा राहिलो. साहेब म्हणाले, बसून बोला. मी बसलो नाही. खाणवाल्याकडं वळलो.

"पावणं, तुमीबी व्यापारी, मीबी व्यापारी. सौदा झाला म्हंतासा. इसार दिलासा?"

त्याला राग आला. व्यापाऱ्याला चोर म्हटलेलं एक वेळ चालतं, बिनइसाराचा म्हटलेलं चालत नाही.

"दिलाय की. मागल्या म्हैन्यातच दिलाय."

"कुणाच्या हातात?"

"तुमच्या सरपंचाच्या. दुसऱ्या कुणाच्या?"

मागच्या महिन्यात. म्हणजे माझ्या दारात येऊन "दादा" म्हणायच्या आधी.

मला वाटलं, आता गाव पेटणार. सरपंच खाकरला. "देवळाच्या स्लॅबला दिलंय पावण्यांनी. माझ्या घरात न्हेलं न्हाय. गावाला दिलंय."

पुढं बसलेल्यांच्या माना डोलल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "स्लॅब तर पायजेच हुता."

त्या देवळात छप्पन सालापासून आम्ही पाय टाकत नाही. त्याच्या आधी टाकू दिला नव्हता. झरा आमचा, वाट आमची, सावली त्यांच्या देवाला. साहेबांनी पुढची तारीख दिली आणि सरपंचाच्या घरी जेवायला गेले.

त्या पटांगणात माझ्या डोक्यातला एक गोंधळ कायमचा गेला. एका सतरंजीवर बसलो म्हणजे बरोबरीनं बसलो, असं मी धरून चाललो होतो. सतरंजी त्यांची होती. गरज होती तोवर अंथरली.

दुसऱ्या दिवशी वाड्यानं वाटेच्या तोंडाला दगड रचले. आत्तीनं पहिला उचलला, मला शिवी देऊन. संध्याकाळी सरपंचाचा निरोप आला, बसून मिटवू. मी कळवलं, तुमच्या सोप्यात येत नाही. बोलायचं ते पटांगणात.

खाण अजून झालेली नाही. रद्दही झालेली नाही. तारखा पडतात. देवळावर स्लॅब पडला. मला अजून लोक सांगतात, भाव वाढवून घे आणि मोकळा हो, तू तर सौद्याचा माणूस. होय, आहे. म्हणूनच सांगतो, ही वाट विकायला काढलेलीच नाही. मी हयात आहे तोवर तिच्यावरून ट्रक जाणार नाही, आणि माझ्यामागं वाडा आहे.

आणि सरपंच, प्रत्येक ग्रामसभेत मी उठतो आणि तुम्ही विषय बदलता. आता बदलू नका. ज्या जमिनीत तुमचं बोटभर नाव नाही, तिचा इसार तुम्ही कुणाला विचारून घेतलात? सगळ्या गावासमोर, माझ्या तोंडावर सांगा.