मॅडमच्या छातीवर माझा नंबर

मी जळकोट तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. लोक मला सिस्टर म्हणतात. ज्यांच्याबद्दल हे लिहितेय त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून त्या मॅडम. सहा वर्षं आम्ही दोघी रोज सकाळी उदगीर रस्त्यानं सोबत पळालो, पण एकमेकींना नावानं कधी हाक मारली नाही. सिस्टर आणि मॅडम, एवढ्यावरच भागलं.

पळणं सुरू झालं ते मॅडमच्या ब्लडप्रेशरमुळं. शाळेतल्या मुलांची तपासणी करायला मी गेले होते. सगळी पोरं झाल्यावर त्या हसत म्हणाल्या, "सिस्टर, माझाबी हात धरा जरा." मी पट्टा गुंडाळला आणि दोनदा मोजलं, कारण पहिला आकडा मला खरा वाटला नाही. त्यांना डॉक्टरकडं मीच पाठवलं. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, शरीरातलं पाणी लघवीवाटे काढणारी, आणि चालायला सांगितलं. एकटं चालायला त्यांना लाज वाटायची, म्हणून मी सोबत जाऊ लागले. चालता चालता कधी पळायला लागलो ते आता सांगता येत नाही.

सुरुवातीला रस्त्यावरचे लोक बघायचे. दुधाच्या मोटारसायकली मुद्दाम हळू व्हायच्या. मॅडमच्या सासूबाईंना सून ट्रॅकपँट घालून रस्त्यानं पळते हे आवडायचं नाही, आणि माझ्यासोबत पळते हे तर त्याहून नाही. त्या तसं कधी बोलल्या नाहीत. मी गेले की चहा मात्र घराबाहेरच्या ओट्यावरच यायचा. मॅडमला ते कळायचं. मग त्याही कप घेऊन ओट्यावर येऊन बसायच्या.

त्या माझ्याहून जोरात पळायच्या. मी मागं राहायचे आणि त्या पुढच्या पुलावर थांबून माझी वाट बघायच्या. लातूरला आणि नांदेडला दहा-दहा किलोमीटरच्या दोन शर्यती आम्ही पळालो. नांदेडला एकवीस किलोमीटरची झाली तेव्हा त्यांना निवडणुकीची ड्युटी लागली, म्हणून मी एकटीच जाऊन आले. पुढं त्याचाच घोळ झाला. कोकणात समुद्रकाठच्या मॅरेथॉनची जाहिरात मोबाईलवर आली, तेव्हा बेचाळीस किलोमीटरला नाव द्यायचं तर आधी एकवीस पळाल्याचं प्रमाणपत्र लागत होतं. ते माझ्याकडं होतं, त्यांच्याकडं नव्हतं. मी बेचाळीसला नाव दिलं, त्यांनी एकवीसला.

"समुद्र बघायचाय मला," त्या म्हणाल्या. "पोरांना नकाशात दाखवते दरवर्षी. मी कुठं बघितलाय?"

शर्यत आली तोवर फेब्रुवारी संपत आला होता. मधल्या दीड महिन्यात मला पोलिओचे बूथ लागले, मग गोवरचं लसीकरण, आणि माझं लांब पळणं सुटलं. मॅडमचं चालूच होतं. दर रविवारी त्या तीस-तीस किलोमीटर एकट्या पळून यायच्या. उन्हाची आम्हाला भीतीच नव्हती. आमच्याकडं एप्रिलात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि तरी बाया रानात राबतात. समुद्रावर असून असून किती असणार, असं आम्ही एसटीत बसून बोललो ते मला आठवतं.

पण गाडीतून उतरलो तेव्हाच अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं झालं. आमचं ऊन कोरडं असतं, घाम येतो आणि उडून जातो. इथं तो अंगावरच बसून राहिला. लॉजवर धुतलेला रुमाल संध्याकाळपर्यंत ओलाच होता. समुद्र बघून मॅडम मात्र खुश झाल्या. साडी वर धरून बराच वेळ गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या.

संध्याकाळी खोलीत नंबर पुढ्यात ठेवून बसलो होतो. छातीवर लावायचा तो कागद, त्याला पळणारे बिब म्हणतात. मी म्हणाले, "माझ्यानं बेचाळीस होणार न्हाई मॅडम. अर्ध्यातून परत येईन."

त्यांनी माझा नंबर हातात घेतला आणि म्हणाल्या, "मग मला द्या. तुम्ही माझ्या नंबरावर एकवीस पळा. कोण बघायलंय?"

"तसं चालत न्हाई."

"परीक्षेला बसल्यावानी घाबरायलाव तुम्ही. मी तीस पळतेच की दर रविवारी."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण खरं तेच आहे. मला मनातून नको होतं ते त्यांनी उचललं. बिबच्या मागं छापलेलं होतं: रक्तगट, आजार, चालू औषधं, आणि काही झालं तर कुणाला फोन करायचा. माझ्या नंबरामागं आजार नाही, औषध नाही, आणि फोन माझ्या मिस्टरांचा. त्यांच्या नंबरामागं त्यांच्या गोळीचं नाव होतं, ते फॉर्म भरताना मीच लिहायला लावलं होतं. मी दोन्ही कागद उलटून बघितले. आणि सकाळी माझा नंबर त्यांच्या शर्टाला चार पिना लावून मीच बसवला. गोळी घेतली का विचारलं. "घेतली," म्हणाल्या. पळायच्या दिवशी ती घ्यावी की नाही हे कुणा डॉक्टरला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नव्हतं.

त्यांची शर्यत पाचला सुटली, माझी सहाला. रस्ता समुद्राच्या काठानं सरळ जायचा आणि तसाच परत यायचा. आम्हाला एक फेरी, बेचाळीसवाल्यांना दोन. पहिले पाच किलोमीटर बरे गेले. ऊन वर आलं तसा वारा पडला. सुरूच्या झाडांची सावली संपली आणि पुढं नुसता डांबरी रस्ता, एका बाजूला खारं पाणी. शर्ट अंगाला घट्ट बसला. बुटात घाम जाऊन पावलागणिक पचपच वाजायला लागलं. श्वास घेतला तरी पुरत नव्हता. बाजूला एक बाप्या पोट धरून ओकत होता. मी दर टेबलाला थांबून पाणी प्याले, डोक्यावर ओतलं आणि चालले. माझा काही नंबर यायचा नव्हता.

पंधराव्या किलोमीटरच्या आसपास समोरून मॅडम आल्या. त्यांची दुसरी फेरी चालू होती. मी हात वर करून ओरडले, "मॅडम, लई भारी." त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण ओळख पटल्यासारखं बघितलं नाही. चेहरा तांबडालाल झाला होता, ओठांवर पांढरं साचलेलं. पाऊल थोडं बाहेर पडत होतं. मी रस्ता ओलांडून जवळ गेले तर त्या म्हणाल्या, "घंटा झाली का?"

मी हसले. मला वाटलं थट्टा करतायत. म्हणाले, "झाली, पळा आता." आणि त्या पळाल्या.

मी बावीस वर्षं नर्स आहे. उन्हानं पडलेला माणूस कसा असंबद्ध बोलतो हे मी उपकेंद्रात कितीदा बघितलंय, आशाताईंना शिकवलंय. तिथं रस्त्यावर ते माझ्या डोक्यात आलंच नाही. त्यांना धरून सावलीला बसवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही ते ठामपणे सांगता आलं नाही.

मी पावणेनऊच्या सुमाराला पोचले. गळ्यात मेडल घातलं, केळ दिलं. मी मांडवाच्या सावलीत बसून मॅडमची वाट बघत राहिले. साडेनऊ झाले. त्यांच्या हिशोबानं आता यायला हव्या होत्या. पावणेदहाला मी सामान ठेवलेल्या ठिकाणी जाऊन पिशवी घेतली आणि मोबाईल काढला. मिस्टरांचे एकोणीस मिस्ड कॉल होते.

मी लावला. एकाच रिंगला उचलला.

"हॅलो, कोण बोलायलंय?" आवाज त्यांचा होता, पण बसलेला.

"मी बोलतेय."

पलीकडून गाडीचा आवाज तेवढा येत होता. मग माझा दीर बोलला, "वहिनी? तुम्ही बोलायलाव?"

"हाव. काय झालं?"

तेवढ्यात मिस्टरांनी फोन परत घेतला. "तू पडलीस म्हून फोन आला. बेशुद्ध हाय, दवाखान्यात हलवलंय, लवकर निघा म्हणले. आम्ही चाकूरच्या पुढं आलो." ते रडत होते. लग्नाला वीस वर्षं झाली, मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "तू हितं बोलायलीस, तर मग तिथं कोण पडलंय?"

दवाखाना जवळच होता, सरकारी. रिक्षा मिळाली. वॉर्डात शिरले तर खाटेवर मॅडम होत्या, काखेत आणि मांड्यांमध्ये बर्फाच्या पिशव्या, अंगावर ओली चादर, हात बांधलेले, कारण झटके येत होते. खाटेच्या पाटीवर माझं नाव लिहिलेलं होतं.

डॉक्टर तरुण होत्या. मी कोण ते विचारलं.

"ह्यांना बीपी आहे," मी म्हणाले. "गोळी चालू आहे. पाणी काढणारी. आज सकाळी घेतलीय."

"नंबरामागं तर काही नाही लिहिलंय."

"तो नंबर माझा आहे. पाटीवर नाव आहे ते पण माझंच."

त्यांनी माझ्या छातीकडं बघितलं. तिथं मॅडमचा नंबर अजून लावलेला होता. त्या रागावल्या नाहीत. पाटीवरचं नाव खोडलं, खरं नाव विचारून लिहिलं, आणि सलाईन बदलायला सांगून पुढं गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडमच्या मिस्टरांना फोन मलाच करायचा होता. त्यांचं जळकोटला बियाण्याचं दुकान आहे. त्यांनी उचलला तेव्हा मागं गिऱ्हाईकांची बोलणी ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं, नंबर बदलल्याचंसुद्धा.

"कधी पडली?"

"साडेआठच्या सुमाराला."

"आन् मला आता सांगायलाव?"

"मला आत्ता कळलं दादा."

"तुम्ही तर सोबत होता न?"

"या तुम्ही," एवढंच मी म्हणाले.

तिथून त्यांना मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवलं. किडनी चार दिवस बंद पडली होती, ती सुरू झाली. नवव्या दिवशी डोळे उघडले. आम्हाला वाटलं जिंकलो. मग त्या बोलायला लागल्या आणि शब्द असे आले जसे दारू प्यालेल्या माणसाचे येतात, लांबलेले, एकमेकांवर पडणारे. उभं केलं तर पाय फाकवून, कुठंही झोक जाईल असं चालायच्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याच्या मागच्या भागात तोल सांभाळणारा मेंदू असतो, त्याला ताप बाधला. थोडं सुधारेल. किती, ते सांगता येणार नाही.

स्पर्धेवाल्यांनी आम्हा दोघींना पत्र पाठवलं, दुसऱ्याच्या नंबरावर पळाल्याबद्दल कायमची बंदी. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या निकालात मात्र काही बदललं नाही. मॅडमनी एकवीस किलोमीटर पूर्ण केले आणि मी बेचाळीसमधून बाहेर पडले, असं तिथं अजून दिसतं.

मॅडम घरी आल्यावर मी गेले. सासूबाईंनी मला पहिल्यांदा आतल्या खोलीत बसवलं, आणि ते ओट्यापेक्षा वाईट वाटलं. मॅडमचे मिस्टर समोर बसले होते. ते म्हणाले, "माझं काय म्हणणं न्हाई. फक्त एवढंच, की ती शाळेतली मास्तरीण होती. तुम्ही सिस्टर होता." आणि उठून दुकानाला गेले.

मॅडम म्हणाल्या, "मी... मीच... मागितला." तीन शब्दांना त्यांना फार वेळ लागला. मी त्यांचा हात धरून बसले. आता तो चमचा धरतानाही हलायचा.

शाळेत त्या एकदा जाऊन आल्या. हेडमास्तरांनी खुर्ची देऊन वर्गात बसवलं. पोरं आधी हसली, मग कुणीतरी दटावल्यावर गप्प झाली. त्यांना ते गप्प होणं सोसलं नाही. दीड वर्ष रजा पुरवली, फिजिओथेरपी केली, आणि शेवटी नोकरी सोडायचा अर्ज दिला. वैद्यकीय कारणावरून पेन्शन मिळणार होती.

त्या कामाला लातूरला जिल्हा परिषदेत मी त्यांना घेऊन गेले. मिस्टरांना दुकान होतं आणि मॅडमनी माझंच नाव सांगितलं. क्लार्क भला माणूस होता. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळे कागद स्वतः लावले. मग पेन पुढं केला. मॅडमनी सही केली. त्यानं सेवापुस्तक उघडून जुनी सही बघितली, वळणदार, फळ्यावर लिहितात तशी. नव्या सहीतली अक्षरं एकमेकांपासून लांब गेली होती.

"जरा परत करता का मॅडम?"

त्यांनी परत केली. मग अजून एकदा. घाम आला होता. मी मनगट धरू का विचारलं, तर क्लार्क हळूच म्हणाला, "तसं चालायचं न्हाई ताई." मग त्यानं ड्रॉवरमधून शाईचा डबा काढला. "राग मानू नका. अंगठा घेतो, म्हंजे वर कुणी अडवणार न्हाई."

मॅडमनी डब्याकडं बघितलं. सव्वीस वर्षं त्यांनी पोरांना लिहायला शिकवलं होतं. साक्षरतेच्या वर्गात म्हाताऱ्या बायांचा हात धरून नाव गिरवून घेतलं होतं. मग त्यांनी अंगठा पुढं केला. तो हलत होता म्हणून क्लार्कनंच दोन बोटांत धरला, शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. पाच ठिकाणी. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

बाहेर आल्यावर त्यांनी रुमालाला बोट पुसलं. शाई निघाली नाही. जिना दोन मजल्यांचा होता. एका हातानं त्यांनी कठडा धरला, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि आम्ही एकेक पायरी उतरायला लागलो.