पळायची जोडी, ओढायची जोडी

गॅरेजात जुने नटबोल्ट साचतात, तसे किस्सेही साचतात. फेकायला जीव होत नाही. सीताबर्डीवर यादवमिस्त्रींकडे मी दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीपासून कामाला होतो. नवी गाडी घेणारा प्रत्येक जण तिथे एकाच प्रश्नावर अडायचा. मागच्या चाकांच्या आसात दातेरी चक्रांची जोडी कोणती बसवायची? एक जोडी वेगाने पळायची, दुसरी हळू पण चढावर ओझं ओढायची. दोन्ही गुण एकीत नाहीत!

*

इतवारीच्या एका कापडवाल्या शेठजींना ओढायची हवी होती. "सगळ्यात ताकदवान बसव!" त्यांची गाडी जायची इतवारीतून स्टेशनापर्यंत. बसवून दिली. थोड्याच दिवसांत शेठजी लालबुंद होऊन आले. "अरे, टांगेवाला मले सलाम करून पुढं गेला!"

मिस्त्री म्हणाले, "शेठ, तुमची गाडी हत्ती ओढन. हत्ती आणा!"

*

सावनेरच्या माणिकभाऊंची तऱ्हा उलटी. संत्र्यांच्या पेट्या घेऊन इतवारीत सगळ्यांच्या आधी पोचायचं, एवढाच ध्यास. पिकअपला पळायची जोडी!

"तुले सासरी जाताना सिलेवानीचा घाट लागते गा," मिस्त्रींनी बजावलं.

"सासरी कधीमधी जाणं. त्याच्यासाठी रोज काहून रेंगाळू?"

खरंच, बाजारात त्यांची संत्री पहिली उतरायची, आणि भाऊ मिशीला पीळ देत सगळ्यांना चहा पाजायचे.

*

घाटात मात्र अर्ध्या चढावर, मोहाच्या झाडापाशी, सासरकडच्या बाजारासाठी पेट्यांनी भरलेली गाडी धापा टाकायची. मग त्यांच्या बायको गंगूबाई म्हणायच्या, "थांबा जी, मले उतरू द्या." त्या मागून पायी, गाडी पुढे! वर पोचून भाऊ बिडी ओढत त्यांची वाट पाहायचे.

गॅरेजात येऊन हेच रंगवून सांगायचे, "बायको उतरली का गाडीले पंख फुटतात!" आम्ही पोट धरून हसायचो. आज ते हसणं आठवलं की वाईट वाटतं.

*

एकदा माणिकभाऊंसोबत गंगूबाई स्वतः गॅरेजात आल्या. "मिस्त्रीभाऊ, दुसरी जोडी बसवली तर मले माहेराच्या दारापर्यंत बसून जाता येईन का? साडी धुळीनं भरते. माय विचारते, मोटारीत आली का पायी?"

"येईन ना वं बाई!"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"पुढच्या हंगामाले नक्की!" माणिकभाऊ म्हणाले.

पुढच्या हंगामात संत्र्यांना भाव चांगला आला, मग घाई आणखीच वाढली. त्यानंतर लढाई लागली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. लढाई चालू असतानाच गंगूबाई तापाने गेल्या. एवढीशी तर गोष्ट मागितली होती त्यांनी!

*

लढाई संपल्यावर माणिकभाऊंनी ओढायची जोडी बसवून घेतली. घाटात गाडी कशी चढते ते पाहायला मी सोबत गेलो. पुढे बसू लागलो तर भाऊ म्हणाले, "तू मागं बस गा, पेट्यांवर."

गाडी भरल्या मालासकट आरामात चढत होती. मोहाचं झाड आलं तशी एकदम हळू झाली. मी वाकून ओरडलो, "काय झालं, भाऊ? जोर कमी पडून राहिला का?"

शेजारच्या रिकाम्या सीटवरून नजर न हलवता ते म्हणाले, "नाही गा. आता उतराचं काम नाही, तेच सांगून राहिलो."