चौसष्टाव्या ओळीपासून

नोंदणी खोलीत तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली माणसंसुद्धा. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेला लागून ती खोली होती. खिडकी एकच, तीही ऑक्सिजनची सिलिंडरं रचलेल्या आवाराकडे उघडणारी. तिथे ताईने अकरा वर्षं काढली होती.

तिच्या टेबलावर माऊस नव्हता. कचेरीने नवा पाठवला की ती तो ड्रॉवरमध्ये टाकायची. असे सात माऊस साठले होते. "ताई, आता एक मांजर पाळा," हा विनोद इतक्या वेळा होऊन गेला होता की सांगणाराही हसायचा थांबला होता. माऊसचा तिटकारा तिच्यात पहिल्या नोकरीपासून मुरला होता. टेलिफोनच्या याद्या छापणाऱ्या एका छापखान्यात ती विसाव्या वर्षी लागली. तिथला मालक म्हणायचा, "माऊसकडे हात गेला की दोन सेकंद गेले. दिवसात असे हजार वेळा जाल, मग घरी कधी जाल?" त्यानेच तिला एक जुना एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, शिकवला. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, वर मेनू नाही, बटणं नाहीत. पहिल्या दिवशी मालक 'लिही' म्हणाला म्हणून तिने एक ओळ टाइप केली तर अर्धा मजकूर गायब झाला. त्या एडिटरमध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी आणि हुकूम देण्याची वेगळी. चुकीच्या अवस्थेत असलात तर तुमचं साधं अक्षरही हुकूम ठरतं. ती रडकुंडीला आली होती. महिन्याभरात मात्र तिची बोटं अशी चालायला लागली की मालक पाहुण्यांना बोलावून दाखवायचा.

सिलेक्ट करण्याच्या तीन तऱ्हा होत्या. छोटा व्ही दाबला की अक्षर-अक्षर पुढे निवडत जायचं. मोठा व्ही दाबला की अख्ख्या ओळी. आणि कंट्रोलबरोबर व्ही दाबला की उभी पट्टी: शंभर ओळींच्या मधोमधचे चारच रकाने, केकमधून सुरीने काढावी तशी फाक. मग एका ओळीवर काहीतरी लिहायचं, एस्केप दाबायचं, की शंभरही ओळींवर ते एकदम उमटायचं. एस्केप दाबेपर्यंत मात्र फक्त पहिल्या ओळीवर दिसायचं. एस्केप दाबल्याचा तो क्षण ताईला फार आवडायचा. एकटीने केलेलं काम शंभर जणींनी केल्यासारखं व्हायचं.

रुग्णालयात तिला घेतलं ते याच्याच जोरावर. प्रयोगशाळेतलं जुनं मशीन फक्त आकडे ओकायचं, नावं नाही. सकाळी वॉर्डांमधून रक्ताच्या नळ्या यायच्या. त्या ज्या क्रमाने मांडल्या त्या क्रमाने नावांची फाईल ताई करायची. मशीन त्याच क्रमाने आकड्यांची फाईल द्यायचं. ताई आकड्यांची उभी पट्टी उचलायची आणि नावांशेजारी चिकटवायची. दीडशे-दोनशे माणसांचे रिपोर्ट कीबोर्डच्या चार कळांमध्ये तयार. आधीचा माणूस हेच काम दुपारपर्यंत करत बसायचा.

मशीन सांभाळायला एक तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. गुडघे गेलेले, पण हात स्थिर. मशीन बरोबर मोजतंय की नाही हे बघायला ते रोज सुरुवातीला आणि शेवटी एकेक ठरावीक नमुना घालायचे आणि त्या दोन ओळी फाईलमधून काढून मगच ती ताईकडे द्यायचे. ताई दोन्ही फाईलींच्या ओळी मोजायची. जुळल्या की पट्टी चिकटवायची. अकरा वर्षं जुळत आल्या होत्या.

त्या दिवशीही जुळल्या. एकशे एक्क्याऐंशी नावं, एकशे एक्क्याऐंशी आकडे. रिपोर्ट छापून अकराच्या आत वॉर्डांमध्ये गेले. ताईने डबा खाल्ला आणि काकांना गुडघ्यासाठी तेल सुचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.

"ताई, कालचा एक रिपोर्ट बघता का? ब्याण्णव नंबर. तुम्ही पोटॅशियम २.६ दिलंय."

ताईने फाईल उघडली. "हो, २.६. खूप कमी आहे. साडेतीन ते पाच हवं."

"कमी होतं म्हणून आम्ही सलाइनमधून पोटॅशियम दिलं. दुपारी ठोके बिघडले म्हणून पुन्हा रक्त पाठवलं होतं. त्याचा रिपोर्ट आत्ता हातात आला. ७.१."

"पेशंट कसा आहे?"

"काल चार वाजता गेला," सिस्टर म्हणाली.

ताईने फोन ठेवला नाही, नुसता टेबलावर आडवा ठेवला. तिने आकड्यांची फाईल उघडली आणि मोठा जी दाबून तळाला गेली. शेवटच्या ओळीवरचे आकडे तिच्या ओळखीचे होते. अकरा वर्षांत काकांच्या वहीत कधीमधी नजरेखालून गेलेले, त्यांच्या ठरावीक नमुन्याचे. ती ओळ तिथे असायलाच नको होती. आणि तरीही बेरीज जुळली होती, म्हणजे वर कुठेतरी एक ओळ कमी होती.

ती प्रयोगशाळेत गेली. "काका, काल एखादी नळी खराब निघाली होती?"

काकांनी वही उघडली. "चौसष्ट. रक्त नळीतच फुटलेलं होतं, आकडा खोटा आला होता. काढून टाकली ती ओळ." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "मी सांगितलं होतं ना तुला?"

सांगितलं नव्हतं. आणि रोजच्यासारख्या दोन ओळी काढून झाल्या म्हणून शेवटच्या नमुन्याची ओळ तशीच राहिली होती. त्यांनाही ते बोलता बोलताच कळलं असावं, कारण ते स्टुलावर बसले आणि वही मांडीवर तशीच उघडी राहिली.

ताई जागेवर परत आली. चौसष्टाव्या ओळीवर जाऊन तिने कंट्रोल-व्ही दाबला, उभी निवड तळापर्यंत नेली, पट्टी कापली, एक ओळ खाली उतरली, चिकटवली. ब्याण्णव नंबरच्या माणसासमोर ६.४ आलं. त्याच्या खालच्या ओळीत, बायकांच्या वॉर्डातल्या एका म्हातारीसमोर, २.६ येऊन बसलं. सगळं जागच्या जागी गेलं. पाच-सहा सेकंद लागले असतील.

म्हणजे काल एकशे अठरा माणसांना शेजाऱ्याचं रक्त दिलं होतं तिने, कागदावर.

तिने आधी म्हातारीच्या वॉर्डाला फोन केला. म्हातारी जिवंत होती; पायांत गोळे येतात म्हणून रात्रभर कण्हत होती, आणि रिपोर्ट चांगला आहे म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. मग ताई ओळीने फोन करत सुटली. फोनला उभी निवड नव्हती. प्रत्येक वॉर्ड, प्रत्येक नाव, "कालचा रिपोर्ट फाडून टाका, नवा पाठवतेय," समोरून "का?", आणि मग तेच ते सांगणं. काही जण घरी गेले होते, त्यांच्या घरी फोन. एकाच्या बायकोने विचारलं, "मग औषध कालचं द्यायचं की नाही?" ताईने डॉक्टरांना विचारून पुन्हा फोन केला. चार वाजेपर्यंत एकशे सतरा झाले. काका एकदा पाण्याचा ग्लास ठेवून गेले.

साडेचारला विभागप्रमुखांनी बोलावलं. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांनी दार लावून घेतलं.

"फाईल दुरुस्त केलीत ना?"

"केली, साहेब."

"जुनी?"

"ती वेगळ्या नावाने ठेवलीय."

साहेबांनी कपाळ चोळलं. "ताई, मी काय म्हणतो ते नीट ऐका. त्या माणसाची किडनी गेलेली होती. आज नाहीतर महिन्याने... तसंही अवघडच होतं. हृदय कमजोर पडलं असं घरच्यांना सांगितलंय. काका वर्षभरात सुटतील. तुम्हाला मुलगी आहे, ती शिकतेय. मशीनमध्ये तांत्रिक बिघाड, असं मी लिहितो. ती जुनी फाईल ठेवून कोणाचं भलं होणारेय?"

ताई म्हणाली, "मशीनने बरोबर मोजलं होतं, साहेब."

"ते मलाही कळतं. घरी जा. उद्या बोलू."

घरी नवरा नुकताच ड्यूटीवरून आला होता. तो शहर बस चालवायचा. गणवेशाचा शर्ट काढून खुर्चीवर टाकत त्याने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तो मोज्यांशीच झटत राहिला.

"काकांनी सांगायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मग चूक त्यांची."

"मी नुसत्या ओळी मोजल्या रे. शेवटचा एक आकडा वाचला असता तरी कळलं असतं. दीडशेव्या, एकशे सत्तराव्या, तळाजवळच्या कुठल्याही ओळीवरची नळी नंबर लावून बघितली असती. रोज एक. दोन मिनिटं. मी कधीच केलं नाही, कारण कधी गरज पडली नाही."

"साहेब म्हणतात तसं कर," नवरा म्हणाला. "मी घाबरतो म्हणून सांगतोय. शहाणपणा म्हणून नाही." हे तो खरंच बोलला आणि त्याबद्दल ताईने त्याच्यावर कधी राग धरला नाही.

तिने निवेदन लिहिलं. दीड पान. त्यात काकांनी काढलेली ओळ होती, तिची मोजणी होती, चौसष्ट आणि ब्याण्णव होते. साहेबांनी ते घेतलं, वाचलं आणि फाईलखाली सरकवलं. चौकशी समितीपुढे मशीनचा बिघाडच गेला. काकांना त्यात सही करावी लागली. त्यांनी केली.

तीन आठवड्यांनी एक बाई नोंदणी खोलीच्या दारात उभी राहिली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. वरच्या मजल्यावरून तिला इथे, इथून तिथे असं चार दिवस फिरवलं होतं. तिला नवऱ्याचे सगळे कागद हवे होते. नवरा सुतार होता. ब्याण्णव नंबर.

ताईने तिला बसवलं. कागद काढायला वेळ लागणार होता, तोवर बाई बोलत राहिली, कोणाशी असं नाही.

"डॉक्टरांनी फळं बंद केली होती त्यांची. केळं तर अजिबात नाही म्हणाले, त्यातलं काहीतरी चढतं रक्तात. आदल्या दिवशी हट्ट धरून बसले. अर्धंच दे म्हणाले. लहान मुलासारखे. मी दिलं." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "अर्ध्याचं पाऊण झालं. मुलाला सांगितलं नाही अजून. कोणाला सांगू? मीच घातला घास त्यांच्या तोंडात."

ताईचे हात कळांवर होते. प्रिंटर सुरू झाला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "केळ्याने नाही गेले ते."

बाईने वर बघितलं.

ताईने सांगितलं. काही वगळलं नाही. मग ती पट्टी दाखवायला तिने जुनी फाईल उघडली, ब्याण्णव आणि त्र्याण्णव या दोन ओळी मोठ्या व्हीने सिलेक्ट केल्या, म्हणजे त्या उजळून दिसाव्यात. बाईला वाचायला वेळ लागला. चष्मा घरी राहिला होता.

"म्हणजे यांच्या नावापुढे दुसऱ्याचं."

"हो."

"आणि ते तुम्ही लावलं."

"हो. मी लावलं."

"मग ती दुसरी?"

"ती वाचली. घरी गेली."

बाईने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. ताईला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी रोज सकाळी उठल्या उठल्या त्या केळ्याचा विचार करते." मग तिने पदराने तोंड दाबलं आणि तिचे खांदे हलायला लागले. ताईने पुढे केलेला हात तिने झटकला, जोरात, मनगटाला लागेल असा.

जाताना तिने निवेदनाची प्रत मागितली. ताईने दुसरी प्रत काढून, खाली तारीख घालून सही केली. क्षमा मागायचं तिच्या मनात होतं. शब्द तोंडापर्यंत आले, पण समोरच्या बाईला ते कुठे ठेवायचे हा आणखी एक त्रास झाला असता, असं तिला वाटलं.

सुताराच्या मुलाने दावा लावला. निवेदन बाहेर आल्यावर साहेबांनी ताईशी बोलणं टाकलं आणि तिला निलंबित केलं: कारण, गोपनीय कागद बाहेर दिले. काकांच्या नोकरीचे शेवटचे सहा महिने चौकशीत गेले. निरोपसमारंभ झाला नाही. ताई त्यांच्या घरी गेली तर त्यांच्या सुनेने सांगितलं, ते झोपलेत. आतून रेडिओ ऐकू येत होता.

सुनावणीत वकिलाने विचारलं, "नावांपुढे आकडे लावायला तुम्हाला किती वेळ लागला?"

"चार कळा," ताई म्हणाली. कोणीतरी मागे हसलं. बहुधा त्याला उत्तर उद्धट वाटलं असावं. ती आपली खरं ते सांगत होती.

पाच महिन्यांनी तिला परत घेतलं, पण कपड्यांच्या विभागात. धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे मोजायचे आणि वॉर्डांना द्यायचे. वाफेने भिंती ओल्या असायच्या. तिथे संगणक नव्हता.

दोन वर्षांनी रुग्णालयाने नवं मशीन घेतलं. ते नळीवरच्या चिकटपट्टीवरून नाव वाचायचं. एका सोमवारी ते बंद पडलं आणि जुनं मशीन जोडावं लागलं. नोंदणी खोलीतल्या नव्या माणसाला त्या काळ्या स्क्रीनमधून बाहेर कसं पडायचं तेही जमेना. साहेब स्वतः कपड्यांच्या विभागात आले.

"ताई, दोनशे रिपोर्ट अडकलेत. तुमचं दहा मिनिटांचं काम आहे."

ताईने हातातली चादर घडी घालून ठेवली. "येते, साहेब. पण एक माणूस शेजारी द्या, नळ्यांचा ट्रे घेऊन. तो नळीवरचं नाव वाचेल, मशीनची नोंद बघून आकडा वाचेल, मी ओळ बघेन. दोनशेच्या दोनशे."

"त्याला संध्याकाळ होईल!"

"होईल."

"वॉर्डातून दर मिनिटाला फोन येतायत, आणि तुम्ही..." साहेबांनी वाक्य सोडून दिलं. "माणूस नाहीये माझ्याकडे."

"मग मला नका बसवू तिथे."

साहेब वाफेतून वाट काढत निघून गेले. त्या दिवशी रिपोर्ट कोणी लावले, कसे लावले, हे ताईला कधीच कळलं नाही. तिने विचारलं नाही. पण तो पूर्ण आठवडा ती वॉर्डात चादरी पोहोचवायला स्वतः गेली, आणि प्रत्येक वॉर्डात जरा जास्तच वेळ थांबली, रिकाम्या खाटा मोजत.