नवरीचं गाव कोणतं?

गाणं लोकांना काहून लागतं, हे मला अजून कळलेलं नाही. आणि कळलं असं जो सांगतो, त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मिसरूड फुटल्यापासून लिहितो आहे. जयंतीची गाणी लिहिली, झाडीपट्टीच्या नाटकांची लिहिली, कोणी गळ घातली म्हणून संडास बांधा असं सांगणारंही एक लिहिलं. त्यातली बहुतेक ज्या दिवशी म्हटली त्याच दिवशी मेली. पोट्ट्यांनी दोन दिवस गुणगुणली असतील तर त्यांचे उपकार.

एक मात्र मेलं नाही. पवनीत माझ्या घरापासून चार घरं सोडून लग्नाचं सभागृह आहे. सीझन असला की रोज दुपारी बिदाईच्या वेळी ते गाणं तिथं वाजतं, आणि मी जेवत असलो तर माझा घास थांबतो. बायको म्हणते, "जेवा ना आता, तुमचंच तं गाणं होय." माझंच आहे. म्हणूनच तर!

ते गाणं लग्नाचं नाहीच मुळी. ते माझ्या बहिणीच्या गावाचं आहे.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो. नदीकाठच्या एका गावात दिली होती. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ते गाव उठलं. उठायच्या आधी विहारासमोर सगळे जमले होते, आणि निरोपाचं गाणं माझ्याकडं होतं. मी काय लिहिलं म्हणता! वैनगंगेला माता केलं, मातीला चंदन केलं, जलसमाधी काय, कालचक्र काय. पेटीवाल्यानं जीव तोडून वाजवलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या, आणि चहा कुठं आहे ते पाहायला उठले. बाई जवळ येऊन म्हणाली, "चांगलं होतं गा. पन कोनाचं होतं?" मला इतका राग आला की चहा न पिता निघालो.

सामान हलवायच्या दिवशी मदतीला गेलो तेव्हा राग होताच. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून तयार, पलंग उलटा घालून त्यावर कोंबड्यांची टोपली, आणि बाईचा पत्ता नाही. आत जाऊन पाहतो तर ती बोअरिंगवरून डोक्यावर पाण्याचे गुंड आणून आणून रांजण भरते आहे. भिंतीत पुरलेला रांजण, तो काही नेता येत नव्हता. आमचे भाटवे, म्हणजे तिचा नवरा, दारातून ओरडले, "अवो, पानी कायले भरून राहिली? पानीच तं येऊन राहिलं!"

तिनं शेवटचा गुंड ओतला, रांजणावर झाकणी ठेवली आणि म्हणाली, "रिकामा रांजन ठेवून घरातून निघत नसते." आणि ट्रॉलीत जाऊन बसली. रडली नाही. बाकीच्या बाया धाय मोकलून रडत होत्या, ही कोंबड्यांची टोपली धरून समोर पाहत होती. मीच तोंड फिरवून नाक शिंकरलं.

घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. चंदन नाही, चक्र नाही.

रांजण भरून ठेवला माय, पाणी कोण पिईन,
अमुक सोडून जाऊन राहिलो, आता कधी येईन.

'अमुक'च्या जागी बाईच्या गावाचं नाव होतं. तीन अक्षरी, गोड नाव. ते चालीत असं बसलं होतं की गाणं त्याच्याचभोवती झालं म्हणा ना. पुढच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, एका नाटकवाल्यानं ते घेतलं आणि लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं.

मग ते माझ्या हातून गेलं. कोण्या बँडवाल्याला वाटलं, माहेर सोडून जाणाऱ्या पोरीचंच गाणं आहे. त्यानं 'राहिलो'चं 'राहिली' केलं आणि गावाच्या नावाच्या जागी नवरीचं गाव घातलं. झालं! आता आमच्याकडं रिवाजच पडला आहे. बिदाईच्या आधी गाणारा माइक खाली करून विचारतो, "नवरीचं गाव कोणतं?" पाहुणे सांगतात. सिहोऱ्याची नवरी असली तर सिहोरा सोडून जाते, पवनीची असली तर पवनी सोडून. आपलं नाव कानावर आलं की बायांचा पदर डोळ्याला लागलाच म्हणून समजा. रांजण आता घराघरात नाही, फ्रिज आहे. तरी रडतात.

खरं सांगतो, मला ते आवडायचं. लिहिणाऱ्याचं नाव पुसलं जाऊन गाणं सगळ्यांचं व्हावं, याहून मोठं बक्षीस नाही. पण बाई पेटून उठायची. कुठल्याही लग्नात ते गाणं लागलं की ती मांडवातून उठून बाहेर जाऊन बसायची. एकदा मला पाहुण्यांदेखत म्हणाली, "पान्यानं नेलं ते नेलं. गान्यात होतं, तिथूनबी तू काहून नेऊ देलं?"

"मी कुठं बदललं बाई? लोकायनं बदललं."

"मंग लोकायले सांग ना. तुले तोंड नाही का?"

कोणाकोणाला सांगणार? तिचं दुःख मला कळत होतं. ज्या नव्या वस्तीत ते राहायला गेले, तिच्या पाटीवर जुनंच नाव आहे, पण बोलण्यात ते कोणी घेत नाही. ऑटोवाला 'पुनर्वसन' म्हणतो, कंडक्टर 'पुनर्वसन' म्हणतो, तिथं जन्मलेली पोरंही "आम्ही पुनर्वसनचे" असंच सांगतात. भाटवे गेल्यावर घरात जुनं नाव घेणारी बाई एकटीच उरली. माझ्या गाण्यात तरी ते राहावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते मला देता येत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात बाईच्या मुलाच्या मुलीचं, म्हणजे नातीचं लग्न झालं. तिथंच, वस्तीतल्या मोकळ्या जागेत मांडव टाकून. पंचशील झालं, जेवणं झाली, दुपारी बिदाईची वेळ आली. बाई आता उठून जाणार, तीही सख्ख्या नातीच्या बिदाईतून!

बँडवाल्यांची गायिका सिहोऱ्याकडची होती. मला ओळखत नव्हती. तिनं माइक खाली करून विचारलं, "नवरीचं गाव कोणतं?"

"पुनर्वसन!" नवरीच्या मैत्रिणी एका सुरात ओरडल्या.

गायिकेनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. पेटीवाल्यानं सूर दिला, पुन्हा म्हणून पाहिलं. मग हसून म्हणाली, "नाही बसून राहिलं हो चालीत. दुसरं काही नाव नाही का?"

बाई उठली होती, जायलाच उठली होती. ती थांबली. "बसन कसं?" ती म्हणाली. "ते का गाव होय?" आणि खणखणीत आवाजात तिनं ते तीन अक्षरी नाव सांगितलं.

गायिकेनं ओळ उचलली. अरे, काय सांगू! किती वर्षांनी माझी ओळ मी माझ्या कानांनी पुरी ऐकली. गायिका मधेच माझ्याकडं पाहून, मी शेजारी उभा म्हणून, म्हणाली, "काका, एकदम फिट बसलं ना?" मी मान हलवली. मागं बसलेल्या म्हाताऱ्या बाया, त्याच ट्रॉल्यांतून आलेल्या, एकेक करून गाऊ लागल्या, आणि त्यांनी 'राहिली' नाही, 'राहिलो' म्हटलं.

बाई रडली. ट्रॉलीत बसताना रडली नव्हती, भाटवे गेले तेव्हाही आवरून रडली होती. आता मांडवाचा खांब धरून हमसून हमसून रडत होती. नात शालू सावरत धावत आली. हे सगळं आपल्यासाठीच आहे असं तिला वाटलं, आणि वाटणारच. तिनं आजीचे डोळे पुसले.

"आजी, रडू नको ना वं. मी येऊन राहिली ना पाचव्या दिवशी."

"हो माय," बाई म्हणाली. "तू तं येशीन."