माळवदावरच्या मिरच्या

आमच्या घरात कालवण रोज नसायचं. भाकरी असायची, आणि भाकरीबरोबर मिरची आणि मीठ. मिरची संपली की नुसतं मीठ. माढ्याकडच्या कोरडवाहू रानात दोन वर्षं काही पिकलं नाही, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापूरच्या गिरणीची वाट धरली. मी त्या वेळी एवढा लहान होतो की आबांच्या खांद्यावर बसून आलो. गावाहून आणलेलं सगळं सामान एका घोंगड्यात मावलं होतं. त्यात दोन पितळ्या, तवा, एक पाटा आणि आईच्या माहेरच्या वाळक्या मिरच्यांची एक माळ होती. पाटा आणला म्हणून आबा वाटभर कुरकुरत होते. मिरच्यांबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

ती मिरची बाजारात मिळणारी नव्हती. बोटभरही लांब नाही, देठाशी जाड, टोकाला बोथट, पिकली की काळपट लाल. तिचा तिखटपणा जिभेला लगेच कळत नसे, घास गिळल्यावर कळायचा. पाहुण्याला आधी सांगून ठेवावं लागे. माझी आजी, आईची आई, विहिरीच्या कडेला ही मिरची लावायची आणि दर वर्षी बी राखायची. आजी गेली. मग विहीर ढासळली, मामा रान सोडून दुसरीकडं गेला, आणि त्या गावात ती मिरची लावणारं कुणी उरलं नाही. बी फक्त आईजवळ होतं.

सोलापुरात आम्ही सुरुवातीला गावाबाहेर, कुंभारीच्या वाटेवर, एका झोपडीत राहायचो. झोपडीमागं जमिनीचा एक तुकडा होता, त्यात आईची मिरची सुखानं यायची. पुढं ती जागा गेली. आम्ही गिरणीजवळच्या चाळीत एका खोलीत आलो. तिथं अंगण म्हणजे नुसती फरशी. पण वर माळवद होतं, आपल्याकडचं मातीचं सपाट छप्पर. आईनं जुन्या जागेची काळी माती डोक्यावरून आणली, घासलेटच्या रिकाम्या डब्यांत भरली आणि ते डबे शिडीवरून वर नेऊन कठड्याला लावून ठेवले. आबा म्हणाले, “गावाला रान सोडलं, आन् हितं छपरावर पेरायला लागलीस व्हय?”

मी तोवर पुण्याला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सही करत नव्हतं. मी शिष्यवृत्तीवर आणि लोकांकडं वारावर जेवून बी.ए.पर्यंत पोचलो, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. ज्यांना वाटायचा त्यांना वाटो. शेवटची परीक्षा देऊन मी ऐन उन्हाळ्यात घरी आलो आणि निकालाची वाट बघत बसलो. तेव्हा मला कळलं की आईच्या मिरच्यांचं काहीतरी बिनसलंय.

चाळीत आल्यापासूनच बिनसलं होतं. आदल्या वर्षी फुलं गळली. जी थोडी फळं धरली ती अर्धी वाढली आणि टोकाकडून काळी पडून सडली. बी धरण्याजोगी एकही मिरची पिकली नाही. म्हणून या वर्षी आईनं त्याच्याही आधीचं जुनं, शिल्लक बी पेरलं. जुनं बी ते, फारसं उगवलंच नाही. पाच रोपं हाताला लागली. घरात आता एक दाणाही बाकी नव्हता. ही पाच झाडं फळली नाहीत तर ती मिरची संपली, हे आई बोलत नव्हती, पण दिवसातून तीनदा शिडी चढत होती.

शेजारी एक विणकर कुटुंब राहायचं. त्या घरच्या बाईला सगळी चाळ अक्का म्हणायची. घरात त्या तेलुगू बोलत आणि आमच्याशी स्वतःची वेगळी मराठी. त्यांनी झाडांकडं एकदा बघून निदान केलं, “नजर हाय. जुना चप्पल बांधा.” आबा म्हणाले, चप्पल एकच जोड आहे, झाडाला बांधली तर गिरणीत अनवाणी जावं लागेल. तेव्हा अक्कांनी आपल्या नवऱ्याची टाकून दिलेली चप्पल आणून स्वतःच बांधली. आईनं पानांवर राख टाकली, हिंग घातलेलं ताक शिंपडलं. आबांनी तंबाखू भिजवून त्याचं पाणी मारलं आणि वर सांगितलं की माझी तंबाखू झाडं खायला लागली. काही फरक पडला नाही.

मीही लक्ष घातलं. मी वनस्पतीशास्त्र शिकलो नव्हतो, माझा विषय इतिहास. पण इतिहासानं एवढं शिकवलं होतं की एखादी गोष्ट बिघडली तर आधी विचारावं, कधीपासून? सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन माळवदावर कसं पडतं हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. दुपारी डब्याच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. मी गोणपाटं मिळवली, काठ्या रोवून दुपारपुरती सावली केली आणि डब्यांनाही गोणपाट गुंडाळलं. आठवड्याभरात फुलं गळायची थांबली. बारीक बारीक मिरच्या धरल्या. आईनं आबांना वर नेऊन दाखवल्या. आबा गुडघे धरत चढले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “बी.ए. झालेलं वाया न्हाय गेलं.” निकाल लागायचा होता तरी आबांच्या लेखी मी बी.ए. झालो होतो.

त्यानंतर काही दिवसांनी वाढत्या मिरच्यांची टोकं पुन्हा खोल जाऊन तपकिरी झाली. मी एक चिरून बघितली. आत अळी नव्हती, भोक नव्हतं. टोक तेवढं मऊ आणि काळं, बाकी मिरची हिरवीगार. एकीचं दुसरीला लागलं म्हणावं तर शेजारची फुलं ताजी होती. कीड नव्हे, एवढं मला कळलं. पुढं काही कळेना.

पुढं दोन-तीन आठवड्यांनी आई बाहेर बसली. त्या काळी आमच्यासारख्या घरांत बाईला कावळा शिवला की ती चार दिवस कशाला हात लावत नसे. खोली एकच, म्हणून आई शिडीखालच्या ओट्यावर पोतं टाकून बसायची आणि घरात आबा भाकऱ्या थापायचे. त्या भाकरीला एक कड जाड आणि एक कड करपलेली असे. आबा सांगायचे, एकाच भाकरीत दोन चवी, अजून काय पाहिजे? आई त्या दिवसांत झाडांकडं जाणं तर सोडाच, मान वर करून माळवदाकडं बघतसुद्धा नव्हती. आणि दुसऱ्या कुणी पाणी घालायचं नाही, असा आजीचा दंडक होता. लावलेल्या हातानंच मिरची पिकेपर्यंत पाणी घालायचं. मी पाणी घालू का म्हणून विचारलं, तर आईनं मानेनंच नको म्हटलं.

मी माळवदावर वाचत बसायचो. दुसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. तिसऱ्या दिवशी लोंबली, डब्यातली माती कडेनं सुटून फट पडली. चौथा दिवस संपला, आई न्हाली आणि तशीच ओल्या केसांनी वर आली. झाडांची ती दशा बघून तिनं घागरी चढवल्या आणि पाणी डब्यांच्या बुडातून वाहून जाईपर्यंत ओतलं. पुढच्या आठवड्यात मिरच्यांची टोकं काळी पडली. मी गेल्या महिन्याचा हिशेब मनात जुळवला. तेव्हाही टोकं काळी पडली होती ती आईच्या चार दिवसांनंतरच.

आता हे आईला सांगायचं कसं? आज माझी नातवंडं कशावरही बोलतात. मी माझ्या आईशी या विषयावर कधी एक शब्द बोललो नव्हतो. पण त्या संध्याकाळी ती सडक्या मिरच्या खुडत होती आणि खुडता खुडता, माझ्याकडं न बघता, हळूच बोलली.

“माजंच चुकलं. गेल्या साली त्या दिवसात एकदा वाळवण काडाय वर आले हुते. सावली पडली असंल झाडावर. माज्या आईचं बी माज्याच हातानं गेलं.”

वर्षभर ती हे मनात घेऊन शिडी चढत-उतरत होती. म्हणून या वर्षी त्या चार दिवसांत ती वर बघतही नव्हती.

मी तिच्याशेजारी बसलो. म्हणालो, “आई, झाडं तुझ्या सावलीनं जात न्हाईत. चार दिवस तू येत न्हाईस म्हणून जात्यात.”

ती खुडत राहिली. मी पुढं सांगितलं की आजीचं काही चुकलं नव्हतं. आजीची मिरची काळ्या रानात होती, विहिरीच्या कडेला. तिथं मुळं खाली खाली ओलीकडं जायची, चार दिवस पाणी नाही मिळालं तरी झाडाला कळायचंसुद्धा नाही. झोपडीमागंही तसंच होतं. इथं वीतभर डबा आणि खाली तापलेलं माळवद. चार दिवस उपाशी आणि पाचव्या दिवशी गळ्यापर्यंत जेवण, असं माणसाचं झालं तर माणूस आजारी पडेल की.

आईनं खुडलेल्या मिरच्या पदरात धरल्या होत्या. म्हणाली, “पर आईनं सांगिटलं हुतं, एकाच हाताचं पाणी.”

“मग हा हात कुणाचा हाय?” मी माझा हात पुढं केला. “तूच केलास की.”

तिनं माझा हात उलटासुलटा करून बघितला, शाईचा डाग अंगठ्यानं पुसायला गेली आणि हसली. “लई बोलाय लागलास पुण्याला जाऊन.” पण नाही म्हणाली नाही.

पुढच्या महिन्यात ती ओट्यावर बसली, तेव्हा वर पाणी घालायला मी होतो. खालून, मान खाली घालून, ती मला चालवायची. पाणी पडल्याचा आवाज तिला पुरायचा. “दमानं. मुळं उगडी पडतील.” मग थोड्या वेळानं, “कडंच्या डब्याला दोन वंजळी जास्त. त्येला ऊन लई लागतं.” अक्का आपल्या दारातून हे ऐकत होत्या. म्हणाल्या, “कॉलेज शिकून माळी झाला पोरगा.” आई म्हणाली, “झाला तर झाला. चांगला माळी हाय.”

निकाल लागला त्या दिवशी मी धावत घरी आलो आणि आईला पास झाल्याचं सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, “वर जाऊन बघ. टोक साफ हाय.” मिरचीला रंग चढायला लागला होता. आबांनी मात्र गिरणीत सगळ्या खात्याला माझा निकाल सांगितला, आणि मिरचीचाही.

त्या वर्षी बी धरलं. मला सोलापुरातच एका शाळेत मास्तरकी मिळाली, आणि त्या दिवसांतलं पाणी माझ्याकडंच राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या कामानं मला दोन-तीन दिवस पंढरपूरला जावं लागलं, आणि नेमकी त्याच वेळी आई बाहेर बसली. आबांची गिरणीतली पाळी रात्रीची, दिवसा ते झोपलेले. परत येताना मनात झाडांचाच घोर होता. आलो तो थेट शिडी चढलो. माती ओली होती. खाली येऊन मी आबांना विचारलं. ते म्हणाले, मी न्हाय.

आई ओट्यावर पोत्यावर बसून होती. तिचे चार दिवस अजून संपले नव्हते.

“म्या घाटलं,” ती म्हणाली. “माना टाकल्या हुत्या त्येंनी. न्हाय बघवलं.”

आबा उंबऱ्यात उभे होते. ते आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसले.

त्या उन्हाळ्यात आईनं महिन्याचे सगळे दिवस आपल्या हातानं झाडांना पाणी घातलं. एकही मिरची टोकाला काळी पडली नाही, आणि आजीचं बी वाचलं.