घरटी एक माणूस

घोडबंदरच्या खाडीकडे रिक्षा वळली की मला आजही ती म्हातारी आठवते, आणि स्वतःचा थोडा रागही येतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा घेऊन मी मोबाईलवर जुन्या दप्तरांची सूची उघडून बसतो. बायको म्हणते, "रिटायर झालात ना, मग आता कसला तपास करताय?" या सवयीचं मूळ त्या प्रकरणात आहे.

तेव्हा मी हायवेलगतच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. दुपारची वेळ. समोर दोन ट्रकवाले एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, आणि त्या गोंधळात सत्तरी ओलांडलेली ही आजी अर्ज हातात धरून शांतपणे उभी होती. हाटकेशला ऑफिस थाटलेल्या एका जमीन दलालाने तिला पंधरा दिवसांत घर सोडायला सांगितलं होतं. तिच्या सासऱ्याने साठेक वर्षांपूर्वी घर आणि जागा विकून गाव सोडलं, असा त्याच्याकडे कागद होता. मूळ कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी दप्तरखान्यात आहे आणि ही त्याची प्रमाणित नक्कल, असं तो छातीठोकपणे सांगत होता. आजीचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ते घर गेलं असतं तर ती रस्त्यावर आली असती.

मी ठरलेलं उत्तर दिलं, "आजी, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा."

ती जागची हलली नाही. "साहेब, सासरा गाव सोडून कदी न्हाय गेला. खाडीचा बांध फुटायचा तवा घरटी एक मानूस द्यावा लागायचा. आमच्या घरचा मानूस दरसाल गेलाय. मी सोता माती व्हायलीय."

"त्याचा काही कागद आहे?"

"कागद न्हाय."

अखेर तिचा जबाब घेतला. शेवटी नियमाप्रमाणे वाचून दाखवला, तर म्हणाली, "बांधाचा न्हाय आला त्यात." मी म्हटलं, "त्याची गरज नाही, आजी," आणि अंगठा घेतला. जबाब मुद्देसूद असावा, अशी माझी शिस्त होती. त्या शिस्तीचा मला अभिमानही होता.

चार दिवसांनी काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमधून आमच्या खबऱ्याने बातमी आणली. दलालाच्या टेबलाच्या खणात सरकारी शिक्के आहेत, त्याने स्वतः पाहिले. मी लगेच छाप्याची परवानगी मागायला गेलो. वरिष्ठ म्हणाले, "नक्कल खोटी आहे हे आधी दाखव, मग खण उघड."

म्हणून पत्र घेऊन मी पुराभिलेखागारात गेलो. नकलेवर बंडलाचा क्रमांक होताच. मागणीची चिठ्ठी भरली, बंडल आलं, आत सगळे मिठागरांचे कागद. विक्रीचा कागद कुठेच नाही. मी खुशीत परतलो आणि दलालाला चौकशीला बोलावलं. गडी जराही डगमगला नाही. "साहेब, नंबर लिहिताना क्लार्कची मिस्टेक झाली असेल. लाखो कागद आहेत तिथे, दुसऱ्या बंडलात असेल." बोलणं उद्धट होतं, पण खोडता येत नव्हतं. कागद नाही हे लाखो कागदांत कसं सिद्ध करणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. सूचीचे जाडजूड खंड समोर घेऊन मी सासऱ्याचं नाव शोधत बसलो. मग गावाचं नाव. मग भाईंदर, मग ठाणे. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी हाती काही नाही. तिथल्या अभिलेखपाल बाई केव्हापासून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी जवळ आल्या.

"साहेब, तुम्ही आरोपी शोधावा तसं माणसाचं नाव शोधताय. इथे नावाने काही सापडत नाही. कागद ज्या खात्यात तयार झाला, त्या खात्याखाली सापडतो. त्या गावाने सरकारकडे कधी काही मागितलं होतं का?"

बांध. आजीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं.

बाईंनी बांधकाम खात्याच्या दप्तराचा खंड काढला आणि तालुक्याच्या जुन्या नावाखाली बोट फिरवत नेलं. खाडीचे बांध, दुरुस्तीचे अर्ज. पाच चिठ्ठ्या भरल्या. चौथ्या बंडलाची दोरी सोडली तेव्हा आत गावकऱ्यांचा अर्ज होता. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलंय, सरकारने दगड द्यावा, मेहनत आम्ही करतो. सोबत यादी होती. घरमालकाचं नाव, घर कुठे, आणि त्या घरातून बांधावर कोण आलं. दलालाच्या कागदावरच्या तारखेनंतर सहा वर्षांनी केलेल्या त्या यादीत आजीचा सासरा त्याच घराचा मालक म्हणून हजर होता. मी खुर्चीतून उठून बाईंना चक्क सलाम ठोकला.

आता परवानगीला अडचण नव्हती. पंचांसमक्ष खण उघडला, शिक्के मिळाले. चौकशीत मी यादीची नक्कल दलालासमोर ठेवली. त्याने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "साहेब, तिकडे कोण जातंय बंडलं उपसायला? मला वाटलं, पुराभिलेखागाराचं नाव सांगितलं की लोक तिथेच थांबतात." त्याचं चुकलं नव्हतं फारसं. मीही जवळजवळ थांबलोच होतो.

आजीला सांगायला मी स्वतः तिच्या घरी गेलो. ओटीवर बसून यादी वाचून दाखवली. सासऱ्याचं नाव आलं तेव्हा तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'सून, नवीन लग्न झालेली. माती वाहिली.'

"ती मीच," आजी म्हणाली. तिने कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी त्या ओळीवर कितीतरी वेळ हात ठेवून बसली. डोळे भरले होते. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, यादी करनाऱ्यानं लिवला. मंग तुमी का न्हाय लिवला?"

आज ती आजी नाही, घर मात्र तिच्या भाच्याकडे आहे. नोकरीची पुढची सगळी वर्षं मी समोरचा माणूस बोलेल ते आधी पूर्ण लिहून घेतलं. हाताखालचे लोक वैतागायचे, "साहेब, याचा केसशी काय संबंध?" मी म्हणायचो, लिहा तुम्ही.