पडद्यावरची लाल रेघ

महाडच्या एसटी स्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, त्या वर्षी दासगावचे एक चाचा आले. मुलगा कुवेतला. बहिणीच्या लग्नासाठी त्याला रजा हवी होती, म्हणून त्याच्या साहेबाला बापाचं इंग्रजी पत्र लिहायचं होतं.

चाचा माझ्या शेजारी स्टुलावर बसले. चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, घालायचे, पुन्हा पुसायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी नजर पडद्यावरून हलत नव्हती.

"ही लाल रेघ कशाखाली हाय?"

मी सांगितलं, तुमच्या नावाखाली, मुलीच्या नावाखाली आणि दासगावखाली. हे शब्द कॉम्प्युटरला ठाऊक नाहीत, म्हणून तो आपोआप रेघ मारतो. "नुसती खूण आहे, चाचा. कागदावर येत नाही."

"रस्त्याचा मोजणीवाला पन हेच बोलला. भिंतीला लाल पट्टा मारला नि बोलला, नुसती खूण हाय." त्यांनी चष्मा पुन्हा काढला. "रस्ता रुंद केला, पडवी गेली माझी. पोरीचा मांडव आता कुठं घालू?"

मी मेनूत शोधून त्या फाईलपुरती ती स्पेलिंगची तपासणी बंद केली. रेघा गेल्या. चाचांनी पुढं वाकून एकेका नावाखालून बोट फिरवलं, मगच म्हणाले, "आता छाप."

पुढं दुकान चालवलं तोवर गावाकडचं कुणी पत्र लिहून घ्यायला आलं की मी आधी ती तपासणी बंद करायचो, मगच नाव विचारायचो.